निल स्नॅग

गावी, म्हणजे हदगाव तालुक्यात गेलो की पहिला चहा यायच्या आत कुणीतरी विचारतंच, "आबा, चौधरी साहेबांनी दुश्मनाची किती विमानं पाडली हो?"

विचारणाऱ्याचा ऊर भरून आलेला असतो. एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांचं मूळ गाव हस्तरा, आमच्याच तालुक्यातलं. २०२१च्या सप्टेंबरात ते हवाई दलाचे प्रमुख होणार अशी बातमी आली, त्या दिवशी माझा फोन खाली ठेवायला सवड नव्हती. नात्यातले, शाळेतले, वारंगा फाट्यावर ज्याच्याकडे आम्ही एसटी बदलताना चहा घ्यायचो तो, सगळ्यांचे फोन. जणू काही त्या खुर्चीवर मीच बसणार होतो. कारण आमच्या पंचक्रोशीत एअरफोर्समधून आलेला माणूस म्हटलं की मी.

मी ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. ट्रेड इंजिन फिटर. बेळगावजवळ सांबऱ्याला कवायत, तांबरमला इंजिनाचं शिक्षण, आणि पुढची सारी नोकरी मिग-२१ आणि मिग-२९च्या पोटात हात घालून. चौधरी साहेबांना मी कधी भेटलो नाही. ते माझ्या स्क्वॉड्रनवर नव्हते. तरीही त्यांची कारकीर्द मला जशी दिसते तशी ती वर्तमानपत्रात आली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

तर प्रश्नाचं उत्तर. एकही नाही. त्यांनी एकही विमान पाडलेलं नाही. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि तो पडू नये यासाठीच मला पुढचं सांगावं लागतं.

साहेब २९ डिसेंबर १९८२ला फायटर पायलट म्हणून एअरफोर्समध्ये दाखल झाले. मिग-२१, मिग-२३ एमएफ, मिग-२९ आणि सुखोई-३०, अशी विमानं त्यांनी उडवली. सियाचीनचं ऑपरेशन मेघदूत आणि कारगिलचं ऑपरेशन सफेद सागर या दोन्हींत त्यांनी हवाई संरक्षणाची उड्डाणं केली. या 'हवाई संरक्षण' शब्दाशीच लोक अडखळतात. बॉम्ब टाकणं समजतं, दुश्मनाशी झुंज समजते. पण १९८४च्या एप्रिलमध्ये आपलं सैन्य सियाचीनवर चढलं, हेलिकॉप्टरं रसद घेऊन त्या बर्फात वर-खाली करू लागली, तेव्हा त्यांच्या डोक्यावर कुणीतरी उभं असणं गरजेचं होतं. कारगिलच्या वेळीही तेच. १९९९च्या मे महिन्याच्या २६ तारखेला सफेद सागर सुरू झालं. मिराज विमानं टायगर हिलवर बॉम्ब टाकायला जायची, तेव्हा त्यांच्या वरून मिग-२९ पहारा देत असायची. पलीकडे पाकिस्तानची एफ-१६ त्यांच्या हद्दीत घिरट्या घालत. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा आपल्याला सक्त हुकूम. तेव्हा पहाऱ्यावरच्या पायलटनं करायचं काय? तिथं असायचं. दिसत राहायचं. समोरचा परत फिरला की इंधन संपेपर्यंत पुन्हा चकरा मारायच्या आणि खाली यायचं.

खाली येऊन तो फॉर्म ७००मध्ये लिहायचा, 'निल स्नॅग'.

हा फॉर्म ७०० म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझी सगळी हयात त्यात आहे. प्रत्येक विमानाचं एक जाडजूड बाड असतं. विमान उडायच्या आधी इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, रेडिओवाला, शस्त्रवाला, ज्यानं त्यानं आपापलं काम तपासायचं आणि त्यात सही करायची. त्यावर वरिष्ठाची सही. सगळ्यात शेवटी पायलट येतो, आधीच्या उड्डाणात काय बिघाड होता आणि तो कुणी काढला ते वाचतो, विमानाभोवती एक फेरी मारतो आणि सही करतो. त्या सहीबरोबर विमान आमच्याकडून त्याच्याकडे जातं. उतरल्यावर पुन्हा त्याची सही, आणि विमान आमच्याकडे. काही खटकलं असेल तर तो स्नॅग म्हणून नोंदवतो. काही नसेल तर निल. गावातल्या सातबाऱ्यापेक्षा या कागदाचा कारभार कडक.

मिग-२९च्या इंजिनाची एक खुबी मला फार आवडायची. हे विमान धावपट्टीवर चालत असताना त्याची समोरची हवा घ्यायची तोंडं दारांनी बंद असतात, खडा-माती आत जाऊ नये म्हणून. तेवढा वेळ ते पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या झडपांमधून श्वास घेतं. उड्डाणाचा वेग आला की समोरची दारं उघडतात. लोहगावला १९८७मध्ये ही विमानं आली, पुढे माझी तिथं बदली झाली, तेव्हा पहिले काही महिने मी ती दारं उघडताना बघायला ड्यूटी नसतानाही टॅक्सी ट्रॅकच्या कडेला जाऊन उभा राहायचो. एवढी काळजी रशियन इंजिनिअरांनी एका खड्यासाठी घेतली होती. इंजिनात खडा गेला तर काय होतं हे ज्यानं उघडलेल्या इंजिनाच्या वाकलेल्या पात्यांवरून बोट फिरवून पाहिलंय, त्याला ती काळजी कळते. म्हणून तर रोज सकाळी फ्लाइंग सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळे, ऑफिसरसकट, एका ओळीत धावपट्टीलगतचा डांबरी भाग खाली मान घालून चालत जायचो, खिळा, स्क्रू, खडी जे सापडेल ते उचलत.

आता कारगिलच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तळ सांगत नाही. उत्तरेतला होता, आणि जूनमधलं ऊन असं की विमानाच्या कातडीला हात लागला तर फोड यावा. आमच्या प्रत्येकाच्या अवजारांची एक पेटी असते, तिच्यात प्रत्येक पान्याच्या आकाराचा खळगा. काम संपलं की पेटी उघडून मोजायची, एकही खळगा रिकामा दिसता कामा नये. त्या दिवशी माझ्या पेटीत एक खळगा रिकामा होता. बोटभर लांबीचा पाना.

मी पुन्हा मोजलं. मग पुन्हा. घशाला कोरड पडली. त्या विमानाचं उड्डाण अर्ध्या तासावर होतं आणि ते कुणाच्या तरी पहाऱ्याला जाणार होतं. गप्प बसलो असतो तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. मी जाऊन सार्जंटना सांगितलं. त्यांनी इंजिनिअरिंग ऑफिसरना. विमान लगेच थांबवलं, दुसरं तयार करायला घेतलं, आणि आम्ही आठ जण त्या एका पान्यामागे लागलो. पॅनेलं उघडली, आरसे आणि टॉर्च घेऊन कोपरा न् कोपरा पाहिला. ज्याच्या नावावर ते विमान होतं तो फ्लाइट लेफ्टनंट, पंचविशीतलं पोर, जी-सूट, म्हणजे पायलटचा अंगाला आवळून बसणारा पोशाख, घालून पंखाच्या सावलीत बसून होता. एका शब्दानं घाई केली नाही. मध्येच स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

पावणेदोन तासांनी पाना सापडला. माझ्याच ओव्हरऑलच्या मांडीवरच्या खिशाचं अस्तर उसवलं होतं, त्यातून तो खाली दुमडीत जाऊन बसला होता. मला तिथंच रडू कोसळलं. इंजिनिअरिंग ऑफिसर पान्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ओव्हरऑल आजच्या आज बदल. उद्या सकाळी माझ्यासमोर उभा राहा." शिक्षा मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण तो पायलट उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "मिल गया ना? चलो, साइन करो."

मी सही केली. हात थरथरत होता, अक्षर वेडंवाकडं आलं. त्यानं खाली आपली सही केली आणि शिडी चढला. सव्वा तासानं परत आला, बाड मागितलं आणि लिहिलं, 'निल स्नॅग'. त्या दोन शब्दांइतकं मोठं बक्षीस मला एअरफोर्सनं पुन्हा दिलं नाही.

म्हणून चौधरी साहेबांच्या नावापुढे '३८०० तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव' असं छापून येतं, तेव्हा माझी नजर तिथं थांबते. गावात लोकांना हा आकडा छोटा वाटतो. प्रवासी विमानाचा पायलट वर्षाला हजार तासांपर्यंत उडू शकतो, मग याला चाळीस वर्षांत एवढेच? पण मिग-२१सारखं विमान एकदा वर गेलं की पाऊण तासात खाली येतं. या हिशोबानं ३८०० तास म्हणजे पाच हजारांच्या वर उड्डाणं. पाच हजार वेळा शिडी चढणं, पट्टे आवळणं, आसनाच्या सुरक्षा पिना काढून खालच्या माणसाला मोजून दाखवणं. आणि पाच हजार वेळा आपल्या पायांनी शिडी उतरणं. माझ्या नोकरीत दोन जणांच्या बाबतीत हे उतरणं झालं नाही. त्यातल्या एकाच्या विमानाच्या बाडात इंजिनाच्या रकान्यात माझी सही होती. चौकशी झाली, इंजिनात दोष निघाला नाही. तरी तो निकाल लागेपर्यंतचे अकरा आठवडे मी घरात कुणाशी धड बोललो नाही.

फायटर पायलटची कारकीर्द बाहेरून चढत्या जिन्यासारखी दिसते. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वॉड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, पुढे एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल. आतून पाहिलं तर प्रत्येक पायरीवर आकाश कमी होतं आणि कागद वाढतो. ज्यानं उमेदीत रोज दोनदा उडायचं तो पन्नाशीत महिन्यातून एखाद्या वेळी उडतो, आणि तेही वेळ काढून. साहेबांनी एक फायटर स्क्वॉड्रन सांभाळली, एक फायटर तळ सांभाळला. ते शिकाऊ पायलटांना शिकवणारे प्रशिक्षक होते, आणि हैदराबादजवळ दुंडीगलच्या एअरफोर्स अकादमीत उपप्रमुखही. हे शेवटचं मला विशेष वाटतं. चांगला फायटर पायलट आणि चांगला मास्तर एकाच अंगात असणं सोपं नाही. मास्तराला आपलं कसब बाजूला ठेवून समोरच्या पोराला चुकू द्यावं लागतं, आणि नेमकं कुठपर्यंत चुकू द्यायचं ते सेकंदात ठरवावं लागतं.

फ्रान्समध्ये राफेलचं काम कसं चाललंय यावर देखरेख ठेवणाऱ्या उच्चस्तरीय गटाचे ते प्रमुख होते. २९ जुलै २०२०ला पहिली पाच राफेल अंबाल्याला उतरली, आणि तिसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, साहेबांनी दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमध्ये पश्चिम हवाई कमांडची सूत्रं घेतली. ते दिवस आठवा. जूनमध्ये गलवानमध्ये आपले वीस जवान गेले होते. लडाखचं सारं आकाश याच कमांडच्या ताब्यात. हिवाळा तोंडावर, आणि हजारो सैनिकांसाठी लागणारं सामान विमानांनी वर पोहोचवायचं. टीव्हीवर राफेलचं स्वागत चाललं होतं. माझ्या मनात मात्र लेहचा टार्मॅक, विमानं उभी करायची मोकळी जागा, होता. त्या उंचीवर हवा विरळ, इंजिन आधीच धापा टाकतं. सकाळी ऊन तापायच्या आत चढ-उतार उरकायचे असतात. तिथल्या थंडीत उघड्या बोटांनी नट फिरवणारी पोरं मला दिसत होती. हातमोजे घालून बारीक नट धरता येत नाही, आणि काढले तर बोट धातूला चिकटतं.

१ जुलै २०२१ला साहेब हवाई दलाचे उपप्रमुख झाले आणि ३० सप्टेंबरला प्रमुख. आमच्या मराठी मुलखाला प्रमुखपद नवं नव्हतं. हृषीकेश मुळगावकर १९७६ ते १९७८, कारगिलच्या वेळी अनिल टिपणीस, २००९ ते २०११ प्रदीप नाईक. पण मराठवाड्याच्या मातीतलं नाव त्या यादीत आलं याचं अप्रूप मला आजही वाटतं. पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. नागपूरचे मनोज पांडे लष्करप्रमुख झाले. ते, नौदलाचे आर. हरिकुमार आणि चौधरी साहेब, तिघेही खडकवासल्याच्या एनडीएतले एकाच, ६१व्या तुकडीतले. सतरा-अठरा वर्षांची तीन पोरं एकाच मैदानात घाम गाळून निघाली आणि चाळीसेक वर्षांनी तिन्ही दलांच्या शिखरावर एकाच वेळी भेटली.

प्रमुखपदाच्या तीन वर्षांचं काय? कौतुकाच्या गोष्टी भरपूर आहेत. २०२३च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये, दिवे नसलेल्या वादी सेदनाच्या पट्टीवर आपलं सी-१३० मालवाहू विमान रात्री उतरलं आणि तिथं अडकलेल्या १२१ जणांना घेऊन आलं. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला साहेबांनी स्पेनमध्ये सेव्हिलला पहिलं सी-२९५ मालवाहू विमान ताब्यात घेतलं. माझ्या उमेदीतही म्हाताऱ्या वाटणाऱ्या अॅव्रो विमानांच्या जागी ते घेतलेलं. ८ ऑक्टोबरला प्रयागराजला एअरफोर्सला नवा ध्वज मिळाला, हवाई दलाचं बोधचिन्ह असलेला. जुन्या ध्वजाला मी हजारो वेळा सलाम ठोकला होता. तो समारंभ टीव्हीवर पाहताना मी खुर्चीतून उठून सावधान उभा राहिलो. घरातल्यांनी काही विचारलं नाही.

पण मी फॉर्म ७००चा माणूस. स्नॅग असेल तर तो लिहिलाच पाहिजे. साहेबांना सूत्रं घेऊन दहा आठवडेही झाले नव्हते, ८ डिसेंबर २०२१ला कुन्नूरजवळ जनरल बिपीन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. हवाई दलाचं एमआय-१७. चौदाही जण गेले. चौकशीत यांत्रिक बिघाड निघाला नाही. अचानक बदललेल्या हवामानात ढगांत शिरल्यावर दिशेचं भान सुटलं, असा निष्कर्ष आला. आणि ९ मार्च २०२२ला आपलं ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. जीवितहानी झाली नाही हे नशीब. चौकशी झाली, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती असं निष्पन्न झालं, आणि ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढून टाकलं.

ती बातमी मी तीनदा वाचली. बाहेरच्या माणसाला 'कार्यपद्धती पाळली नाही' हे वाक्य सरकारी वाटतं. मला त्यात तो रिकामा खळगा दिसला. कुणीतरी मोजलं नाही, किंवा मोजून गप्प बसलं. इंजिन फिटरच्या चुकीत एक विमान जातं. तिथं दोन अण्वस्त्रधारी देश समोरासमोर होते. आणि या सगळ्याच्या शेवटी ज्याची सही असते तो माणूस प्रमुख असतो, चूक त्याच्या हातून झालेली नसली तरी. साहेबांना ते दिवस कसे गेले असतील याचा अंदाज मला माझ्या अकरा आठवड्यांवरून बांधावा लागतो, आणि तो फार अपुरा आहे हे मला कळतं.

३० सप्टेंबर २०२४ला ते निवृत्त झाले. त्या आठवड्यात मी गावीच होतो. सोयाबीनची काढणी तोंडावर आली होती. चुलत भावाचा नातू नववीत आहे, त्याला एनडीएला जायचंय. भिंतीवर सुखोईचं चित्र, वहीच्या मागच्या पानावर रँकची चित्रं. त्यानंही मागच्या दिवाळीत मला किती विमानं पाडली तेच विचारलं होतं, आणि माझं उत्तर ऐकून हिरमुसला होता. या वेळी मी त्याला आकडा दिला आणि म्हटलं, ३८०० तास, एक उड्डाण पाऊण तासाचं, कर हिशोब. त्यानं वहीत भागाकार मांडला. पाच हजार सहासष्ट, आणि वर थोडं. बराच वेळ तो त्या आकड्याकडे बघत बसला.

मग म्हणाला, "आबा, म्हणजे एवढ्या वेळा खाली कुणीतरी तपासून सही केली असंल. कुणी केली?"

"त्या दिवशी ज्याची ड्यूटी असंल त्यानं," मी म्हटलं.

"त्यांची नावं कुठं असतात?"

"त्या बाडात."

त्यानं पेन उचललं आणि भागाकाराच्या खाली माझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट. स्पेलिंग विचारून विचारून.